सात गिटारी आणि एक बोट

निवृत्त माणसाने काय करावं याची एक यादी आपल्याकडे तयारच असते, आणि ती निवृत्त माणूस सोडून बाकी सगळ्यांनी मिळून केलेली असते. सकाळी फिरायला जावं, हास्यक्लबात हसावं, पारायणाला बसावं, नातवंडांना बसपर्यंत सोडावं. हौस असलीच तर पेटी शिकावी. मी 2016 साली वीज मंडळातून निवृत्त झालो (तोवर मंडळाची महावितरण होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडात मंडळच) आणि वर्षभरात इलेक्ट्रिक गिटार घेतली. त्यावर कॉलनीत ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं गेलं, ती नजर मला 1977 सालापासून चांगली ओळखीची आहे. तेव्हा ती वडिलांची होती.

थोडं मागे जातो. सांगलीत इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरच्या एका मुलाकडून मी साडेतीनशे रुपयांना कलकत्त्याच्या बनावटीची गिटार घेतली. तारा पट्टीपासून इतक्या उंच की मधून पेन्सिल जावी! अँप्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती. पण घरच्या मर्फी रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायला भोकं असत, त्यात मी गिटारची वायर खुपसली. वडील बातम्या लावायला आले आणि रेडिओतून 'दम मारो दम'च्या सुरुवातीचे गिटारचे सूर, माझ्या हातचे, म्हणजे निम्मे चुकलेले. ती मूळची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली, 1971 साली. ते गझल गाणारे म्हणून लोकांना ठाऊक, पण आम्हा पोरांना ते आधी गिटारवाले म्हणून माहीत होते. वडील एवढंच म्हणाले, "रेडिओ बिघडला काय?"

पुढे गणपतीत दोन-तीन ऑर्केस्ट्रांत वाजवलं. 1981 ला नोकरी लागली, जत भागात पोस्टिंग झालं, आणि गिटार विकली. वडिलांनी विकायला लावली असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. खरं तसं नव्हतं. ते काहीच बोलले नव्हते. मलाच वाटलं होतं की आता आपण साहेब झालो, हे शोभत नाही. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली, निदान आता तरी त्यांच्यावरचा आरोप मागे घ्यायला हरकत नाही.

असो. मुद्दा असा, की माझ्या मते इलेक्ट्रिक गिटार हे तरुणांचं वाद्यच नाही. ते म्हाताऱ्यांचं वाद्य आहे. हसू नका. साध्या, म्हणजे लाकडी पोकळ गिटारीचा आवाज तिच्या पोटातून काढायचा असतो, त्यासाठी जाड तारा लागतात आणि त्या दाबायला बोटांत जोर लागतो. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक. माझ्या गिटारीची सगळ्यात बारीक तार नऊ हजारांश इंचाची आहे, पट्टीपासून जेमतेम दीड मिलिमीटर वर, नुसता स्पर्श पुरतो. आवाजाचं काम वीज करते. शिवाय हेडफोन लावले की रात्री दोनला झोप उडाली तरी वाजवता येतं, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. रात्री दोनला झोप कोणाची उडते? तरुणांची?

आणि दाखलाच हवा असेल तर लेस पॉल घ्या. ज्याच्या नावाची गिटार गिब्सन कंपनीने 1952 साली काढली तो माणूस. संधिवाताने बोटं आखडली होती, तरी नव्वदी ओलांडल्यावरही दर सोमवारी रात्री न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवत होता. 2009 ला गेला तेव्हा 94 वर्षांचा होता. आमच्या हास्यक्लबात इतकी हजेरी कोणाची नाही.

दुसरा माझा आवडता माणूस लिओ फेंडर. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर या जगभर गाजलेल्या गिटारी ज्याने बनवल्या, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! मुळात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. म्हणजे मर्फीच्या पाठीमागे वायर खुपसणारा मी काही फार चुकीच्या रस्त्याने गेलो नव्हतो.

वीजखात्यातल्या माणसाला या वाद्याचं वेड लागलं यात नवल नाही. गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात, त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उपजते, बस्स. पण ते वेढे घरातल्या वायरिंगचा गुणगुणाटही तितक्याच प्रेमाने पकडतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. पेटीवाल्यांच्या भाषेत हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर, अगदी खर्जात. अमेरिकेत 60 हर्ट्झ, तिथला गुणगुणाट काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी. नव्वदच्या दशकात संध्याकाळी लोड वाढला की आमची फ्रिक्वेन्सी 49 च्याही खाली यायची. आम्ही कंट्रोल रूममध्ये कपाळाला हात लावायचो. आज कळतं की तेव्हा अख्खा महाराष्ट्र किंचित उतरून गात होता! यावर उपाय म्हणून 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने दोन वेढे उलटसुलट जोडले, म्हणजे गुणगुणाट एकमेकांना खाऊन टाकतो आणि सूर तेवढा उरतो. याला हंबकर म्हणतात. इतकी सुंदर युक्ती मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही.

पण इथेच गोम आहे. एक गिटार साध्या वेढ्यांची घेतली की हंबकरवाली हवीच वाटते. मग टेलिकास्टर हवी, कारण तिचा आवाज निराळा. मग अर्धपोकळ हवी. पुण्यातली आयटीतली पोरं परदेशी जाताना गिटारी स्वस्तात विकतात, आणि मी मुलाकडे पुण्याला जाताना रिकामा जायचो, येताना भरलेला यायचो. घरी सांगायला कारणं तयार असत. "अगं, पुढे किंमत वाढते याची," हे एक. एकदा तर तिला गिटारच्या पट्टीचं काळपट लाकूड दाखवून म्हटलं, "ही आपल्या रानातली शिसव. तुझ्या माहेरच्या कपाटाची बहीण." यात खोटं काही नाही. ब्राझीलच्या शिसवीवर 1992 साली व्यापारबंदी आल्यावर भारतीय शिसवीवरच जगभरच्या गिटारींचं बरंचसं काम चाललंय. पण कारण म्हणून ते खोटंच होतं. हिने कपाटाकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं आणि भाजी निवडायला लागली.

ऑगस्ट 2019 मध्ये माझ्याकडे पाच गिटारी होत्या. तारीख सांगायचं कारण सांगलीकरांना कळलं असेल. कृष्णा चढत होती. 2005 च्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, त्यामुळे घरात शिरणार नाही अशी सगळ्यांचीच समजूत. ती समजूत एका रात्रीत वाहून गेली. पहाटे लाईट नव्हते. बॅटरीच्या उजेडात मी पाचही गिटारी आणि अँप्लिफायर वरच्या मजल्यावर नेले, सहा खेपा. ही कागदपत्रं, औषधं, देव, तांदळाचा डबा बघत होती. वर गेल्यावर, पाणी गुडघ्याला लागून गेल्यावर, तिने विचारलं, "पेटी?"

तिची भजनाची पेटी कोपऱ्यात दिवाणाशेजारी होती. तिच्या आईची. माझ्या गिटारच्या स्टँडपासून चार फुटांवर.

पाणी उतरल्यावर पेटी बाहेर काढली तेव्हा भाता फुगून फाटला होता, रीड्सवर गाळ. हिने पुसून, वाळवून, जुन्या लुगड्यात बांधून ती माळ्यावर ठेवली. मला एक शब्द बोलली नाही. मी महिन्याभरात नवी आणली, चांगली महागाची. तिच्यावर भजनं होतात, पण दिवाणाशेजारचा तो कोपरा अजून रिकामा आहे. आणि एवढं होऊनही मी पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन गिटारी घेतल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर या लेखाला काही अर्थ नाही.

मग गेल्या वर्षी डाव्या हाताची अनामिका अडकायला लागली. बोट वाकतं, सरळ होताना खट्कन उडतं. डॉक्टर म्हणाले ट्रिगर फिंगर, मधुमेहवाल्यांना होतंच. इंजेक्शन दिलं, फरक आहे, पण ते म्हणाले की पुन्हा होऊ शकतं. घरी येऊन मी हिशेब केला. रोज तासभर धरला आणि बोटं आणखी दहा वर्षं टिकली, तर सात गिटारींच्या वाट्याला किती तास येतात? त्यात तीन मी वर्षभरात हातातसुद्धा घेतल्या नव्हत्या. पावसाळ्यात तारांना गंज चढलेला. सहा तारांची ओढ मिळून 40 किलोच्या आसपास असते, ती दिवसरात्र त्या मानेवर, आणि वाजवणारा कोणी नाही. तोवर मी संग्रह या गोष्टीचं फार समर्थन करायचो. आता नाही करत. नाणी, तिकिटं जमवा, ती जमवण्यासाठीच असतात. वाद्य जमवणं म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वाजवण्याची वर्षं कपाटात बंद करून ठेवणं. जुन्या गिटारी काचेमागे टांगून त्यांच्या किमती सांगणारे संग्राहक मला पूर्वी थोर वाटायचे.

चार विकल्या. एक संग्राहक चांगले पैसे देत होता, त्याला नाही म्हटलं. एक इस्लामपूरच्या मुलाला दिली, त्याने दारातच खाली बसून वाजवून पाहिली आणि मग किंमत विचारली. बाकीच्याही वाजवणाऱ्यांकडेच गेल्या. तीन ठेवल्या. त्यातल्या एका गिटारीचा वरचा नट, म्हणजे तारा जिथून खाली उतरतात ती खाचांची पट्टी, खराब झाली होती म्हणून मिरजेला एका सतारमेकरांकडे नेली. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांची गल्ली आहे तशीच, दारात पंढरपूरकडचे भोपळे वाळत घातलेले. त्यांनी तार छेडली, एका जागी ती किंचित झणझणली. मी म्हटलं, हा दोष काढायचाय. ते हसले. "साहेब, हाच झणकार आणायला आम्ही तंबोऱ्याची जवारी दिवस दिवस घासतो. तुम्ही काढायला आलाय." तरी काढून दिला, हाडाचा नट बसवून, आणि पैसे इतके कमी सांगितले की मीच दुप्पट दिले.

निघताना विचारलं, पेटीचं काम कोण करतं? त्यांनी दोन दुकानं सोडून पलीकडे बोट दाखवलं.

परवा माळ्यावरून लुगड्याचं गाठोडं काढून तिथे नेलं. हिला सांगितलं नव्हतं, पण तिने माळ्याची शिडी पाहिली असणार, कारण जाताना "स्कूटरवर नको, रिक्षाने जा" एवढंच म्हणाली. दुकानदाराने पेटी उघडली, नखाने एकेक रीड छेडून पाहिली. खर्जातल्या बऱ्याच गेल्यात, पालिताण्याहून मागवाव्या लागतील. लाकूड धड आहे. भाता नवा करू. पण सूर तोच येईल का, या माझ्या प्रश्नावर त्याने फक्त मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पुढच्या गुरुवारी या म्हणालाय.