एस.टी.तील बोलणे आणि मोटारीतील शांतता

ग्रामीण साहित्यातील बोलीचा विचार आपल्या समीक्षेने शेत, चावडी, पाणवठा यांच्या संदर्भात पुष्कळ केला. वाहनाच्या आतील अवकाशाचा मात्र जवळजवळ केलेला नाही. ही उणीव किरकोळ नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कुरुंदवाडचेच उदाहरण घ्यावे. पटवर्धनांचे हे संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे ती खेडोपाडी पोहोचली, तेव्हा ज्यांनी मोटार केवळ रस्त्याच्या कडेने पाहिली होती, ते तिच्या आत बसून बोलू लागले. कृष्णा-पंचगंगेच्या या टापूत नृसिंहवाडीचा यात्रेकरू, बाजाराला निघालेला शेतकरी आणि सीमेपलीकडचा कन्नडभाषक एकाच बाकावर येत. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट आणि कंडक्टरची डबल बेल यांवर मात करून बोलावे लागे. त्यामुळे वाक्य आखूड होई, सूर चढे आणि दोघांचे बोलणे साऱ्या गाडीचे होई. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ याच ध्वनिव्यवस्थेवर उभी आहे. अपघात निमित्तमात्र, कथा आहे ती एकमेकांत घुसणाऱ्या आवाजांची. बंद काचांच्या मोटारीत ती संभवतच नाही.

खाजगी मोटारीचा प्रवास नेमका उलट झाला. १९२०च्या दशकात अमेरिकेत उघडी मोटार मागे पडून बंदिस्त मोटार रुळली. १९५८ मध्ये रोल्स-रॉइसची जाहिरात सांगत होती, की ताशी ६० मैल वेगातही गाडीतील सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो. शांतता ही विकत घेण्याची वस्तू झाली होती. आपल्याकडे वडाप जीप हा मधला टप्पा म्हणावा लागेल: गर्दी एस.टी.चीच, पण टेप लागली की आवाजावर सत्ता चालकाची.

एस.टी.च्या गोंगाटाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या चढ्या सुरात स्त्रीचा आवाज कितीदा ऐकू येई, हा प्रश्न उरतोच. बंद मोटारीने तिला बोलण्यास जागा दिली असणेही शक्य आहे. आजच्या कथेतील मोटारप्रवासाची संवादरचना या दृष्टीने तपासली पाहिजे.

आपले विद्यार्थी बोलीसंकलनासाठी वृद्धांच्या घरी जाऊन शब्द टिपून आणतात. त्यांना एकदा कुरुंदवाड-जयसिंगपूर गाडीतही बसवावे, आणि इअरफोन काढून ठेवण्यास सांगावे.