सशाची शिकार आणि शेतकऱ्याची शिकार



सरकी उगवून दोन पानांवर आली की काही तासांत सकाळी खाडे दिसू लागतात. कोंब सुरीने कापावा तसा तिरपा कापलेला असतो आणि बाजूला गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात. हे सशाचे काम. धुऱ्याजवळच्या चार-सहा ओळी तो खातो, फार आत जात नाही. तिकडे ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर लोळवून जातो आणि रोह्यांचा कळप तुरीचे शेंडे खुडून नेतो. नुकसान कुठे बोटभर, कुठे हातभर. कायद्याने मात्र दोन्हींवर एकच कुलूप ठोकले आणि किल्ली मुंबई-दिल्लीला ठेवली.

या जिल्हा बैठकीत सशाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विषय सशाचा कमी आणि आपल्या रानावर हुकूम कोणाचा, याचा जास्त आहे.

बिनकुत्र्याची, पायी केलेली सशाची शिकार ही आपल्या मुलखातली जुनी विद्या. माणूस सशाला पळून गाठू शकत नाही. त्याला समजून घ्यावे लागते. आपला रानससा बीळ करत नाही. दिवसभर तो गवतात अंगापुरत्या खळग्यात दबून बसतो आणि अंगाच्या मातकट रंगावर भिस्त ठेवतो. पाय अगदी जवळ येईपर्यंत उठत नाही. म्हणून जाणता माणूस त्याच्यावर सरळ चालून जात नाही, वळसे घेत जवळ येतो. काळ्या रानात पाऊस पडून गेला की माग स्पष्ट उमटतो. मागच्या पायांचे दोन लांबट ठसे पुढे जोडीने, पुढच्या पायांचे दोन लहान ठसे त्यांच्या मागे एकापाठी एक. उठवलेला ससा मोठा वळसा घेऊन आपल्या सवयीच्या वाटेवर परत येतो. तिथे फासेपारधी फास मांडून बसलेला असे, किंवा गावकरी वाघूर बांधून हाका घालीत. दिवसभराच्या पायपिटीला दोन-तीन किलोचे एखादे जनावर मिळे, कधी तेही नाही. या शिकारीला माणसाच्या पायांचीच मर्यादा होती. जीपचा दिवा डोळ्यांवर मारून रात्रीत पोतेभर जनावरे उचलणारा धंदेवाला वेगळा आणि हा माणूस वेगळा.

कायद्याला हा फरक दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ससा लहान शिकारीत मोडत होता आणि तिला परवाना मिळू शकत होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची पद्धतच बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि ससा दुसऱ्या परिशिष्टात गेला. आज ससा मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरच्या पोरांना हे नीट सांगा. एका सशापायी कापसाचे चुकारे कोर्टाच्या तारखांत जिरवू नका.

यात सर्वांत आधी सापडतो तो पारधी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. त्या शिक्क्याखाली पारधीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण शिक्का पुसला नाही. वावरात ससे, तितर, हरणे वाढली की त्याच पारध्याला गाव बोलावणे धाडीत असे. आता तोच धुऱ्यावर दिसला की आपण फोन करतो. त्याचा धंदा कायद्याने काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिले नाही. घामाचे दाम न देता शेतकऱ्याला लुटणारी व्यवस्था आणि पारध्याला चोर म्हणणारी व्यवस्था एकच आहे. तिच्या पंगतीला आपण बसायचे कारण नाही. अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांनी गवताळ माळ राखण्याचे काम हाती घेतले आहे. ज्याला जनावराची वाट कळते, तोच त्याची राखणही करू शकतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. रात्रीची जागल सोसवत नाही म्हणून कोणी कुंपणाच्या तारेत थेट लाइनची वीज सोडतो. तार कोण आला ते पाहत नाही. डुक्कर मरते, तसा शेजारचा गडी मरतो, बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचा मुलगा मरतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा आणि दोन घरे उद्ध्वस्त. संघटनेचा बिल्ला लावणाऱ्याच्या वावरात अशी तार असता कामा नये. यावर आमच्याकडे दुसरे मत नाही.

मग करायचे काय? सशाचा बंदोबस्त शेतीतच आहे. टोबणीच्या दिवशीच थोडी सरकी पिशव्यांत लावून ठेवा आणि पंधरा दिवसांच्या आत त्या रोपांनी नांगे भरा. उगवणीनंतरचे पहिले दोन आठवडे धुऱ्याला बोरी-बाभळीची काटी घाला. झाड दणकट झाले की ससा त्याचा नाद सोडतो.

रानडुक्कर आणि रोही काटीने थांबत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाच्या नुकसानीचा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. बिहारमध्ये २०१५ साली केंद्राने ६२ व्या कलमाखाली काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले होते. म्हणजे वाट आहे, चालणारे हवेत. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, शंभरांचा जात नाही.

या बैठकीत आम्ही तीन ठराव मांडत आहोत. पहिला, ११ व्या कलमाखालच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळालेच पाहिजे. दुसरा, नुकसानभरपाईच्या यादीत डुक्कर, रोही, हरीण आहेत, तशी सशाने खाल्लेल्या उगवणीचीही नोंद व्हावी आणि पंचनामा पीक उभे असतानाच व्हावा. तिसरा, पिकाच्या राखणीला आणि परवानगीने होणाऱ्या बंदोबस्ताला पारध्यांना रीतसर मजुरी देऊन नेमावे.

शहरातल्या माणसाला ससा गोष्टीच्या पुस्तकात आवडतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. रानातला ससा जगलाच पाहिजे, असे आम्हीही म्हणतो. पण त्याच्या चाऱ्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावे मांडू नका. जंगल साऱ्या देशाचे असेल तर त्याचे बिलही साऱ्या देशाने भरावे.

ठरावावर हात वर करण्याआधी आपापल्या गावचे नुकसान, तारीख आणि गट नंबर वहीत लिहून आणा.