‘एवढंही माहीत नाही?’

गाडी पाण्यात बंद पडली की माणूस सगळ्यात आधी चावी फिरवतो. मीही फिरवली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज आला, पहारीवर हातोडी बसावी तसा, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या ‘टक्’ची किंमत आठवडाभराने कळली : एक लाख अठरा हजार रुपये. गाडी घेतली होती तीन लाख दहा हजाराला. सेकंडहँड, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, निम्मं कर्ज काढून.

तेव्हापासून भेटलेल्या प्रत्येकाने मला एकच वाक्य वेगवेगळ्या सुरात ऐकवलं आहे. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने कीव करत, सोसायटीतल्या काकांनी खूश होत, ऑफिसातल्या मित्राने हसत. "पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नसतो. एवढंही माहीत नाही?"

नव्हतं माहीत. आणि वर्षभर मी उलट विचारत फिरतेय की हे मला कोणी, कधी, कुठे सांगायचं होतं? अजून एकाही शहाण्याने सरळ उत्तर दिलेलं नाही.

झालं ते असं. जुलै महिना, संध्याकाळचे साडेसात, रेल्वेखालचा भुयारी रस्ता. शहराचं नाव सांगत नाही, तुम्ही तुमच्या शहराचं घाला, चालेल. पुढे एक बस गेली, मग एक उंच एसयूव्ही गेली. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसत होतं. मागे दहा-बारा गाड्या आणि त्यांचे हॉर्न. मी पहिल्या गिअरमध्ये घातली. मध्यावर पोचले तेवढ्यात समोरून दुसरी एक थोराड गाडी सुसाट आली आणि तिने ढकललेली लाट माझ्या बॉनेटवरून काचेवर आली. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

मी बाबांना फोन लावला. बाबांना गाडीतलं कळतं. त्यांनी पद्मिनी चालवली आहे, नंतर एक जुनी मारुती ८०० स्वतः खोलून जोडली आहे. ते शांतपणे म्हणाले, "अगं, फ्लड झालं असेल इंजिन. घाबरू नकोस. ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाब आणि तसाच दाबून ठेवून सेल्फ मार."

हा सल्ला बरोबर आहे. फक्त दुसऱ्या पुरासाठी बरोबर आहे.

बाबांच्या काळात ‘इंजिन फ्लड झालं’ म्हणजे पेट्रोलने. कार्बोरेटरची गाडी, थंडीतली सकाळ, चोक ओढून ठेवलेला, उतावीळपणे चार वेळा पाय मारलेला. सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जायचं, स्पार्क प्लग ओला व्हायचा, ठिणगी पडायची नाही. गाडीभर पेट्रोलचा वास. ‘ओव्हरफ्लो झाली’ म्हणायचे. त्यावर उपाय दोन. पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं, नाहीतर ॲक्सिलरेटर तळाला टेकवून सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा आत ओढली जाते आणि जादाचं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांतही ही युक्ती बहुतेक ठिकाणी जिवंत आहे : सुरू करताना पाय पूर्ण दाबलेला दिसला की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडणंच बंद करतो. एका पिढीने शिकलेली गोष्ट पुढच्या यंत्रातही शिल्लक ठेवली गेली, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

पण माझ्या इंजिनात पेट्रोल नव्हतं, पाणी होतं. हवा दाबली जाते, म्हणून तर इंजिन चालतं. पाणी दाबलं जात नाही. साधा हिशोब करू. बाराशे सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन धरा. एका सिलिंडरच्या वाट्याला तीनशे सीसी. पिस्टन वर येतो तेव्हा ही सगळी हवा साधारण एक दशांश जागेत कोंबली जाते, म्हणजे सर्वांत वर शिल्लक राहते ती तीस-पस्तीस मिलिलिटरची पोकळी. अर्ध्या कटिंग चहाएवढी. तेवढ्याहून जास्त पाणी आत असलं की वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळावा तसा थांबतो, आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. त्यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारणं म्हणजे हवेच्या वाटेचं दार सताड उघडून पाणी ओढून घेणं. माझ्या बाबांनी प्रेमाने आणि अनुभवाने, माझ्या इंजिनाला नेमकी मारणारी गोष्ट मला करायला सांगितली. मेकॅनिक नंतर म्हणाला, गाडी स्वतःहून बंद पडली तेव्हा बहुधा काही मोडलं नव्हतं. हात लावला नसता तर टो करून आणायची, प्लग काढायचे, प्लग नसताना इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल आणि एअर फिल्टर बदलायचा. काही हजारांत काम झालं असतं.

बाबांना मी दोष देत नाही. ते महिनाभर माझ्याशी धड बोलू शकले नाहीत, एवढी शिक्षा त्यांना पुरे. माझा राग आहे तो ‘एवढंही’ या शब्दावर.

‘एवढंही’ म्हणजे काय? जे ज्ञान सगळ्यांना जन्मतः असतं असं समजून कोणीच कोणाला देत नाही, ते. मी पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूलला गेले. क्लच कसा सोडायचा, चढावर हँडब्रेक कसा वापरायचा, आठ कसा काढायचा, रिव्हर्स कसा घ्यायचा. बस्स. उस्तादांचा सगळा जोर परीक्षेवर. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलसाठी जो अभ्यासक्रम आहे, त्यात गाडीच्या यंत्रणेची आणि दुरुस्तीची ओळख करून द्यावी असा भाग आहे. कागदावर आहे. माझ्या उस्तादांनी बॉनेट उघडलं ते एकदाच, त्यांना वायपरचं पाणी भरायचं होतं म्हणून. ज्या राज्यात वर्षातले चार महिने पाऊस पडतो, तिथे लायसन्स देताना पाण्याबद्दल एक अक्षर विचारलं जात नाही. लर्निंगच्या चाचणीत मला चिन्हं ओळखायला लावली. ‘पुढे गुरं’ हे चिन्ह मी बरोबर ओळखलं.

गाडी विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. तो म्हणाला, टायर नवे आहेत. ओनर्स मॅन्युअल नव्हतं, सेकंडहँडला कुठे असतं? (नंतर पीडीएफ शोधून वाचलं. सूचना आहे, इतर शेकडो सूचनांच्या पोटात.) आणि जाहिरातीत काय दिसतं? नदीतून पाण्याचे पंख उडवत जाणारी गाडी. लोणावळ्याच्या रस्त्यावर पाणी फाडत जाणाऱ्या रीलला लाखभर बदाम. त्या गाडीचा एअर इनटेक किती उंचीवर आहे, आपल्या हॅचबॅकचा किती, हे रीलवाला कशाला सांगेल? समोरून ज्याने लाट माझ्या अंगावर घातली त्यानेही असं एखादं रील पाहिलं असणार. त्याची गाडी धडधडीत घरी गेली. बुडते ती नेहमी शेजारची.

एक गोष्ट मान्य करते. पाण्यात गाडी घालायचा निर्णय माझा होता. हॉर्न वाजवणाऱ्यांनी माझा पाय दाबला नव्हता. रस्त्याचा तळ दिसत नाही तिथे जायचं नाही, चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर हॅचबॅक घालायचीच नाही, हे मला आता कळतं. पण मग पुढचा प्रश्न विचारूया. तो रस्ता उघडा का होता? ना दोरी, ना पोलीस, ना खोली दाखवणारी पट्टी. मुंबईत अंधेरी सबवे किंवा मिलन सबवेत पाणी साचतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तिथे रस्ता बंद केल्याची बातमी तरी येते. मिलन सबवेवरून तर शेवटी उड्डाणपूल बांधावा लागला. हिंदमाताला जमिनीखाली पाण्याच्या टाक्या बांधाव्या लागल्या. म्हणजे पाणी तुंबणं हे चालकाच्या अकलेवर अवलंबून नसतं, हे बांधकाम करणाऱ्यांनी केव्हाच मान्य केलंय. मान्य करत नाहीत ते आपले काका. त्यांना रस्ता दिसत नाही, पंप दिसत नाही, स्टिअरिंगमागची पोरगी तेवढी दिसते.

हो, पोरगी. त्या संध्याकाळी गाडी ढकलायला आलेल्या चौघांपैकी एकाने काच ठोकून विचारलं, "जेंट्स नाही का कोणी बरोबर?" त्याच पाण्यात माझ्यापुढे बंद पडलेल्या रिक्षावाल्याला हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो बिचारा स्वतः मला म्हणाला, "ताई, सेल्फ मारू नका आता." मी तोवर तीनदा मारून बसले होते. पूर्ण शहरात ती माहिती असलेला आणि ती वेळेवर द्यावी असं वाटलेला तो एकटा माणूस, पाच मिनिटं उशिरा.

महाराष्ट्रात दहा लाखांखालची पेट्रोलची गाडी नवी घेतली की किमतीच्या ११ टक्के एकरकमी रस्ता कर लागतो. लगेच कोणीतरी मला सांगेल की तो कर राज्य सरकारकडे जातो, नाले पालिकेचे असतात आणि भुयारी मार्ग रेल्वेच्या हद्दीत येतो. बरोबर. तिघांच्या तीन फायली आहेत. पाणी मात्र एकाच जागी साचतं.

आता थोडं कामाचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी नुकतं लायसन्स काढलं असेल. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका. तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होण्याची सोय असेल, तर पावसाळ्यात ती बटण दाबून बंद ठेवा. पाण्यात ती तुमच्यासाठी सेल्फ मारेल, तुम्हाला न विचारता. जमलं तर बॅटरीची तार काढा, गाडी ढकलून वर घ्या, टोइंग बोलवा. डिपस्टिक ओढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी मिसळलंय. गिअरमध्ये टाकून धक्का मारून सुरू करायचा सल्ला देणारा एक जण गर्दीत असतोच, त्याला हात जोडा. धक्क्यानेही पिस्टनच फिरतो.

आणि पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडून आधी बाहेर पडा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये अडकून, गुदमरून माणसं गेली. काचा विजेच्या, दारावर बाहेरून पाण्याचा दाब. इंजिन वाचवायच्या नादात आत बसून राहणं हाही चुकीच्या शिकवणीचाच भाग आहे. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी बहुतेक गाड्यांना उचलून नेऊ शकतं.

विम्याचं सांगायचं राहिलं. पॉलिसी मी फोनवर, बसमध्ये उभ्याने काढली होती. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाच्या चौकोनात टिक होती, ती काढली की रक्कम कमी दिसत होती. मी काढली. हे काय असतं ते त्या चौकोनाशेजारी कुठे लिहिलेलं नव्हतं. साध्या सर्वंकष पॉलिसीत पूर येतो, पण पुरात इंजिन आतून मोडलं तर ते ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’, म्हणजे परिणामी नुकसान, म्हणून वगळतात. सीट कव्हर, मॅट, वायरिंग मिळालं. इंजिन नाही. म्हणजे पाणी आत शिरलं हा अपघात, आणि पाणी शिरल्यावर घाबरलेल्या माणसाने चावी फिरवली हा त्याचा स्वतःचा उद्योग. घाबरणं पॉलिसीत धरलेलं नाही.

सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला तेव्हा पन्नाशीचा, घामाघूम, त्या दिवशीची त्याची अकरावी गाडी. त्याने फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, "बंद पडल्यावर सेल्फ मारला होता का?" त्याच्या पाठीमागे उभ्या मेकॅनिकने मला डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हणा. आदल्या दिवशी बाबांनीही तेच सांगितलं होतं, सोसायटीतल्या काकांनीही. ‘एवढंही’ म्हणणारी सगळी मंडळी या एका बाबतीत मला शिकवायला तत्पर होती.

मी हो म्हटलं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "किती वेळा?"

"तीन."

त्याने लिहून घेतलं. आता माझी तक्रार विमा लोकपालांकडे आहे. त्या अर्जातही मी तीनच लिहिलंय, आणि त्याखाली, कोणी विचारलेलं नसताना, मला लायसन्स कोणत्या तारखेला मिळालं तेही.