700 अब्ज डॉलरच्या गंगाजळीतून यवतमाळच्या शेतकऱ्याचा सातबारा कोरा का होत नाही?

'देशाकडे 700 अब्ज डॉलर पडून आहेत, मग आमची कर्जमाफी का अडते?' कर्जमाफीचा विषय निघाला की असा प्रश्न सोशल मीडियावर हमखास फिरतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो चेष्टेत काढता येत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा गेली वीस-पंचवीस वर्षं देशाला माहीत आहे, आणि 700 अब्ज डॉलर म्हणजे साठ लाख कोटी रुपयांच्या आसपासची रक्कम आहे.

आकडाही खोटा नाही. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी परकीय चलन साठ्याची, म्हणजे गंगाजळीची, आकडेवारी जाहीर करते. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हा साठा जवळपास 705 अब्ज डॉलरवर गेला होता. पण हा पैसा सरकारच्या खात्यात शिल्लक पडलेला नाही.

हे डॉलर आले कुठून?

समजा, वणीच्या एखाद्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी बांगलादेशातल्या सूतगिरणीने घेतल्या. पैसे डॉलरमध्ये आले. जिनिंगवाल्याला डॉलर घेऊन काय करायचं? तो ते बँकेला देतो आणि रुपये घेतो. बाजारात असे डॉलर जास्त झाले की रिझर्व्ह बँक ते विकत घेते आणि त्या बदल्यात नवे रुपये व्यवस्थेत सोडते.

खरी मेख इथेच आहे. गंगाजळीतल्या डॉलरचे रुपये आधीच कुणाला तरी देऊन झालेत. त्याच डॉलरवर कर्जमाफीसाठी पुन्हा रुपये काढायचे, तर ती सरळ नोटछपाई झाली आणि तिची किंमत महागाईतून मोजावी लागते.

दुसरा मार्ग डॉलर विकण्याचा. पण एवढे डॉलर एकदम बाजारात आले तर रुपया वधारेल, बाहेरचा कापूस स्वस्त पडेल आणि ज्याचं कर्ज माफ करायचं त्याच्याच कापसाचा भाव पडेल.

शिवाय ही सगळी आपली कमाई नाही. वस्तूंच्या व्यापारात भारताची आयात निर्यातीपेक्षा जास्त आहे. गंगाजळीचा मोठा भाग परदेशी गुंतवणूक आणि कर्जातून जमा झालाय. मार्च 2025 अखेर देशावरचं बाह्य कर्ज सुमारे 736 अब्ज डॉलर होतं, म्हणजे गंगाजळीपेक्षाही जास्त.

एक वाट मात्र खरोखर सरकारी तिजोरीकडे जाते. या साठ्यातून घेतलेल्या परदेशी रोख्यांवर व्याज मिळतं, डॉलर विकताना नफा होतो. अशा उत्पन्नातून उरलेली रक्कम रिझर्व्ह बँक केंद्राला देते. 2024-25 साठी ती 2 लाख 69 हजार कोटी रुपये होती. तिचं काय करायचं हे सरकार ठरवतं. कर्जमाफीचा जाब विचारायचाच असेल, तर 700 अब्जांपेक्षा हा आकडा पुढे ठेवलेला बरा.

मग साठा ठेवायचा कशाला?

1991 मध्ये तो जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून डॉलर उभे केले. श्रीलंकेने 2022 मध्ये तेच भोगलं. डॉलर संपले, पेट्रोलसाठी रांगा लागल्या.

त्याच वर्षी युक्रेन युद्धानंतर पाश्चिमात्य देशांनी रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. पैसा आपला असला तरी तो कुणाच्या घरात ठेवलाय, यालाही महत्त्व आलं. भारताने अलीकडे लंडनमधलं बरंचसं सोनं परत आणलं. मार्च 2025 अखेर रिझर्व्ह बँकेच्या सुमारे 880 टन सोन्यापैकी 512 टन देशात होतं. देशातलं हे सोनं मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांमध्ये असतं. म्हणजे यवतमाळहून जेमतेम दीडशे किलोमीटरवर!

शेतकऱ्याच्या खिशाला कुठे लागतं?

खतात. पोटॅश जवळपास सगळं बाहेरून येतं, डीएपीचाही मोठा भाग आयातीचा. रुपया घसरला की ते महाग पडतं. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपयांना मिळत राहते, कारण वरचा बोजा केंद्र अनुदानातून उचलतं. रुपया फार घसरू नये म्हणून रिझर्व्ह बँक गंगाजळीतून डॉलर विकते, तेव्हा हा बोजा थोडा आवरतो.

कापसाचं गणित मात्र उलटं आहे. डॉलर महाग झाला की आयात कापूस महाग पडतो आणि इथल्या भावाला आधार मिळतो. रुपया सावरला की तो आधार कमी होतो. त्यात केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. सवलत आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. पांढरकवडा, वणी, राळेगावच्या बाजारात नवा कापूस येतो तो नेमका याच महिन्यांत.