‘एक्सप्रेसो’ची बाजू



नॉर्थ व्हँकुव्हरच्या माउंट फ्रॉमवरची ‘एक्सप्रेसो’ ही सायकलवाट दुरुस्तीत ‘नासवली’, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. या डोंगरावर पाऊस धो धो कोसळतो. सरळ उताराच्या वाटेवर पाण्याचा लोट माती धुऊन नेतो, झाडांची मुळे उघडी पडतात. दुरुस्तीनंतर आता वळणांना बाहेरून मातीचा उंच काठ आहे. सायकल त्यावर कलते, ब्रेक कमी लागतो, चाक घसरत नाही, म्हणून मातीही टिकते. आणि वाटेवरच्या १९९०च्या दशकातल्या सीडरच्या लाकडी फळ्या अशा ओलाव्यात कुजणारच! एखादा जुना अवघड टप्पा बाजूला राखायला हवा होता, हे मान्य. पण स्वयंसेवकांनी चिखलात राबून केलेल्या कामाला नासधूस म्हणणे हा धडधडीत अन्याय आहे.

– एक सायकलस्वार, व्हँकुव्हर