बोरमाळ आणि चिठ्ठी

परवा पारनेरच्या पेठेत आईची बोरमाळ मोडायला नेली. सराफाने एक मणी कॅरेट मीटरमध्ये ठेवला, झाकण लावलं. अर्ध्या मिनिटात चिठ्ठी आली, सोनं ९१.२ टक्के. विषय संपला! पण जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाला गप्प कसं बसवणार? हे यंत्र मण्यावर क्ष-किरण टाकतं आणि उलट येणाऱ्या किरणांतल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषांवरून धातू ओळखतं. पण या क्ष-किरणांनी सोन्याचा वरचा काही मायक्रॉनांचा थरच कळतो. मण्याच्या पोटातली लाख यंत्राच्या गावीही नसते.

शिवाय प्रत्येक मूलद्रव्याचा उंबरठा निराळा. तांब्याची के-रेषा उमटायला फोटॉन ८.९८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा लागतो, सोन्याच्या मुख्य एल-रेषेला ११.९२, चांदीच्या के-रेषेला २५.५. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांची ऊर्जा निवडून घेता येते. ती ११ वर ठेवली की तांबं चमकतं आणि सोन्याची ती रेषा गायब. दुकानातल्या नळीतून मात्र लहानमोठ्या ऊर्जांची सरमिसळ येते. चिठ्ठीवरचे टक्के म्हणजे त्या सरमिसळीवरून मांडलेला हिशेब. तो माहीत असलेल्या नमुन्याशी ताडलेला हवा, आणि ते ताडणं गिऱ्हाइकासमोर व्हायला हवं.

मी तसं म्हणालो. सराफ हसला, "सर, चहा सांगू का?"