रिकाम्या प्रार्थनागृहाची शिकवण

सुट्टीत केरळमधील चेंदमंगलमचे सिनेगॉग पाहिले. ज्यूंचे हे प्रार्थनागृह आता त्यांच्या जीवनाचे संग्रहालय आहे. समोरच सारा नावाच्या ज्यू स्त्रीची समाधिशिला आहे. तिच्यावरील साल १२६९. आत रंगीत लाकडी कोरीवकाम आहे, धर्मग्रंथ वाचण्याचा ओटाही आहे. प्रार्थना करणारे मात्र कोणी नाही.

युरोपातील अशा संग्रहालयांत कितीतरी वस्तू हाकलून दिलेल्या, मारल्या गेलेल्या माणसांच्या असतात. येथील ज्यूंना कोणी हाकलले नाही. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर बहुतेक जण धर्माच्या ओढीने आपणहून गेले. तोवर मंदिर, मशीद, चर्च आणि सिनेगॉग या गावात शेकडो वर्षे शेजारी नांदले. मला हा फरक कोरीवकामाहून मोलाचा वाटतो.

संरक्षण म्हटले की आम्हा कॅडेटांना फक्त सीमा आठवते. पण गावातल्या मूठभर लोकांना आपल्या देवापुढे निर्धास्त दिवा लावता यावा, हेही संरक्षणच आहे. १९७१ मध्ये ढाक्यातील शरणागतीची बोलणी करणारे मेजर जनरल जेकब कोलकात्याच्या अशाच एका ज्यू घरातले होते. मूठभरांना आपले मानणारा देश दुबळा होत नाही, बळकटच होतो.